क्षारपडीतल्या टोमॅटोवर सॅलिसिलिक आम्ल : हंगामभर वापरल्यानंतर

ऐन फुलोऱ्यात पंपाचं नोझल तुंबलं. सॅलिसिलिक आम्लाच्या औषधाची बाटली उलटी करून पाहिली तर तळाला पांढऱ्या खड्यांचा थर. दुकानदार म्हणाला, "दादा, हलवून घेत जावा." हलवून हा प्रश्न सुटत नाही. सॅलिसिलिक आम्ल साध्या पाण्यात फार कमी विरघळतं, २० अंशाला लिटरमागे साधारण २ ग्रॅम. थंडीत घट्ट द्रावणाचे खडे होणारच. मग पहिल्या पंपात औषध नावाला जातं आणि शेवटच्या पंपात दामदुप्पट.

इथं तर सगळा हिशोब मिलिग्रॅमचा आहे. प्रयोगांत नेहमी दिसणारं अर्धा मिलिमोलरचं द्रावण म्हणजे लिटरला ६९ मिलिग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला जेमतेम १ ग्रॅम. मात्रा फार वाढली तर हेच आम्ल रोपाची वाढ रोखतं. माझ्या बाटलीवर प्रमाणाचा आकडाच नाही, नुसतं 'ताण सहन करण्याची शक्ती वाढवते'. केंद्राने २०२१ मध्ये जैव उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ आणि ताण सहन करण्याची ताकद वाढवणारी अशी औषधं, खत नियंत्रण आदेशाखाली आणली ती कशासाठी? शेतकऱ्याला घटक आणि प्रमाण कळायलाच हवं. तोळाभर औषधाला बाटलीभर पैसे मोजायचे आणि आत किती आहे ते विचारायचंही नाही, हे मला मान्य नाही.

आता पिकाचं. आमची जमीन कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ भागातली, वर्षानुवर्षं ऊस आणि मोकाट पाणी यांनी क्षारपड झालेली. पहिल्या फवारणीनंतर काहीच फरक दिसला नाही, पैसे गेले असंच धरलं होतं. एक सरी मुद्दाम कोरी ठेवली होती. फळं धरू लागली तशी त्या सरीतली खालची पानं कडेनं करपली, फवारलेल्या सऱ्यांत ती बरीच उशिरा करपली. तिथं मत बदललं.

यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खारट मातीत सोडियम मुळांत शिरतं आणि पेशीतलं पोटॅश बाहेर गळतं. सॅलिसिलिक आम्ल हे झाडाच्या स्वतःच्या अंगातलं निरोप देणारं रसायन. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे आम्ल आधी दिल्यावर पोटॅशची ही गळती कमी झालेली दिसली. म्हणून मी सुरुवात रोपवाटिकेतच, लागणीआधी करणं पसंत करतो. करपल्यावर फवारून काय उपयोग?

पण खालच्या कोपऱ्यात, जिथं ईसी (मातीतल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ६ च्या वर आहे, तिथं फवारलेली आणि कोरी दोन्ही रोपं सारखीच खचली. वरच्या वाफ्यात ईसी ३ च्या आसपास होती, फरक दिसला तो तिथंच. टोमॅटोचं उत्पन्न ईसी २.५ नंतर घटू लागतं, पुढं दर एककामागे जवळपास १० टक्क्यांनी. मिरचीला तर १.५ लाच फटका बसतो. फवारणीनं मातीतलं मीठ कणभरही हलत नाही. ते निचऱ्यानं आणि गोड पाण्यानं धुऊनच जातं. जिप्समही सरसकट टाकू नका, ते सामू (पीएच) ८.५ च्या वर गेलेल्या, सोडियमनं घट्ट झालेल्या चोपणाचं औषध आहे. आधी माती तपासा.

त्या कोपऱ्यात यंदा भाजी नाही, उन्हाळ्यात चर काढून सच्छिद्र पाईप टाकायचे आहेत. वरच्या वाफ्यासाठी हे औषध पुन्हा घेईन, पण लिटरला किती मिलिग्रॅम पडतं ते छापलेलं असेल तरच, आणि दुकानातच बाटली उजेडात धरून तळ बघून.