नीस, मार्सेय की आव्हिन्यों? दक्षिण फ्रान्समध्ये मुक्काम कुठे टाकावा

दक्षिण फ्रान्सला जायचं ठरलं आहे, हाताशी आठवडाभर आहे आणि बेत मुख्यतः खाण्यापिण्याचा आहे. मग मुक्काम नीसला टाकायचा, मार्सेयला की आव्हिन्योंला? जाहिरातींत तिन्ही सारखीच दिसतात: ऊन, ऑलिव्हचं तेल, लॅव्हेंडर. पण नीस फ्रान्सकडे कायमचं आलं ते १८६० साली, त्यामुळे तिथल्या स्वयंपाकावर अजून इटलीची छाप आहे. मार्सेय हे ग्रीक खलाशांनी ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास वसवलेलं बंदर. आव्हिन्यों चौदाव्या शतकात पोपची गादी होती. ही तीन शहरं वेगवेगळं जेवतात आणि वेगवेगळं पितात.

शाकाहारी मंडळींनी फार विचार न करता नीस निवडावं. तिथला सोक्का म्हणजे चक्क बेसनाचं जाडसर धिरडं: हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड भुरभुरवतात आणि खरवडून कागदावर देतात. कांदा-लसूण नाही, म्हणजे जैन पाहुण्यांचीही सोय झाली. चार-पाच युरोंत भागतं. मात्र गरमच खावा. गार झाला की चामट होतो. त्याशिवाय भरलेल्या भाज्या (मांसाचं सारण नाही ना, हे विचारून), भोपळ्याच्या फुलांची भजी, आणि पालेभाजी, बेदाणे व चिलगोजे घातलेला गोड ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ). हा शेवटचा पदार्थ ऐकायला विचित्र वाटतो, पण मागवाच. दोन ठिकाणी सांभाळा. पिसालादियेर हा कांद्याचा पाव निरागस दिसतो, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. नीसच्या नावाच्या जगप्रसिद्ध सॅलडमध्येही मासे असतातच.

बाजारासाठी सगळे कूर सालेया गाठतात. फुलं सुंदर, फोटोही छान येतात. सोमवारी मात्र तिथे भाजीऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आजूबाजूच्या टेबलांवर जेवायला बसू नये असं माझं मत आहे, तिथे जागेचेच पैसे मोजावे लागतात. ट्रामने लिबेरास्यों भागात जा. गावातली माणसं भाजी तिथे घेतात.

मार्सेयचं खाणं दोन टोकांचं आहे. एका टोकाला बुइयाबेस. केशर, बडीशेपेचा कंद, टोमॅटो, लसूण यांच्या रश्श्यात खडकाळ किनाऱ्यावरचे मासे शिजवतात. आधी रस्सा येतो, सोबत कुरकुरीत पाव आणि रुई नावाची लसूण-केशराची चटणी, आणि मासे वेगळ्या ताटात. पर्यटकांना काहीही वाढलं जाऊ लागलं म्हणून १९८० साली तिथल्या काही रेस्टॉरंटवाल्यांनी लेखी सनदच केली: ठरलेल्या यादीतले किमान चार मासे हवेतच. ही सनद पाळणाऱ्या ठिकाणी माणशी साठ-सत्तर युरोंच्या पुढेच हिशेब जातो, आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. वीस युरोंत बुइयाबेस अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा. स्पष्टच सांगतो, मिरची-आमसुलाच्या कालवणावर वाढलेल्या जिभेला हा रस्सा सौम्य वाटेल. एकदा खावा, पण त्यासाठी म्हणून मार्सेयला जाऊ नये.

जावं ते दुसऱ्या टोकासाठी. जुन्या बंदरापासून दहा मिनिटांवर नोआय नावाची वस्ती आहे. अल्जीरिया, ट्युनिशिया, कोमोरोस, सेनेगल, जिथून जिथून माणसं या बंदरात उतरली त्या सगळ्यांची दुकानं एकाला लागून एक. टोमॅटो-कांद्याचं तिखट सारण भरलेली रव्याची पोळी, माजूबा, उभ्या उभ्या खायची. मसाल्यांची पोती, पुदिन्याचा चहा, कोथिंबिरीच्या जुड्या. शाकाहारी माणूस इथेही उपाशी राहत नाही, फक्त कुसकुसच्या भाज्यांचा रस्सा मांसाचा तर नाही ना, एवढं विचारावं. एस्ताक भागात किनाऱ्यालगतच्या टपऱ्यांवर पानिस मिळतं: पीठ तेच हरभऱ्याचं, पण शिजवून, थापून, कापून तळलेलं. मला विचाराल तर पानिस सोक्कापेक्षा सरस.

आव्हिन्योंचं खाणं चांगलं आहे, पण त्यासाठी मुद्दाम जावं इतकं वेगळं नाही. झाकलेल्या मंडईत सोमवार सोडून रोज सकाळी चीज, ऑलिव्ह आणि मोसमात काव्हायोंची खरबुजं मिळतात. हिवाळ्यात गेलात तर शुक्रवारी जवळच्या कार्पान्त्रासमध्ये ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरतो. बाकी थाळीसाठी इथे कोणी मुक्काम करत नाही.

पण ग्लासाचा विषय निघाला की बाकीची दोन शहरं मागे पडतात. आव्हिन्योंच्या उत्तरेला अर्ध्या तासावर शातोनफ-द्यु-पाप हे वाइनचं गाव. मळ्यात माती दिसत नाही, नुसते गोल गोटे. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. वाइनमध्ये तेरा जातींची द्राक्षं चालतात, मुख्य ग्रेनाश. तोडणी हातानेच करायची असा नियम आहे. १९३६ मध्ये या वाइनला उगमस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला. गावाला आपल्या मळ्यांचा अभिमान इतका, की १९५४ साली नगराध्यक्षांनी उडत्या तबकड्यांना तिथे उतरायला मनाई करणारा फतवा काढला होता! वाइन दणकट असते, १४-१५ टक्क्यांची. पंचवीस-तीस युरोंच्या खाली चांगली बाटली क्वचितच. नवख्याने आधी त्याच खोऱ्यातली कोत-द्यु-रोन घ्यावी, निम्म्याहून कमी पैशांत चव कळते. रोन नदीच्या पलीकडच्या काठावर ताव्हेल आहे, तिथे फक्त रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, करतात. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये असते, इथे सप्टेंबरात. जमलं तर तेव्हाच या. अडचण एकच. बस मोजक्या, आणि फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा आहे. त्यामुळे अर्ध्या दिवसाची गाडीसकट सहल घ्या, किंवा चव घेऊन थुंका. तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. भारतात परत आणताना माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे दोनच बाटल्या.

मार्सेयहून जवळच्या कासीची पांढरी वाइन माशांबरोबर उत्तम. पण शहराचं खरं पेय पास्तिस: बडीशेपेच्या चवीची कडक दारू, एक भाग दारू नि पाच भाग पाणी, ओतताच दुधाळ होते. पॉल रिकारने ती १९३२ मध्ये इथेच बाजारात आणली. नीसची स्वतःची वाइन, बेल्ले, शहराच्या हद्दीतच पिकते. मळे थोडे, बाटल्या महाग. कुतूहल म्हणून एक ग्लास घ्यावा.

आता राहणं. नीस सर्वांत सोपं: विमानतळापासून गावात थेट ट्राम, समुद्राकाठी सपाट रस्ता, मागे डोंगर असल्याने वाऱ्यापासून आडोसा. आईवडील बरोबर असतील तर हेच. किनाऱ्यावर वाळू नसून गोटे आहेत, त्यासाठी चपला ठेवा. आव्हिन्यों तटबंदीच्या आत पायी फिरून होतं. संध्याकाळी मात्र लवकर निजतं, आणि मिस्त्राल वारा सुटला की बाहेर बसणं नकोसं होतं. जुलैत उलट परिस्थिती असते. १९४७ पासूनचा नाट्यमहोत्सव तेव्हा भरतो, गल्लोगल्ली प्रयोग चालतात आणि खोल्यांचे भाव वाट्टेल तसे चढतात. नाटकवेड्या मराठी माणसाला ते चढे भावही परवडतील म्हणा.

मार्सेय कळकट आहे, गोंगाटाचं आहे, चढउताराचं आहे, आणि तिघांत खरं महानगर तेवढंच आहे. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीवरून उडी मारली ते मार्सेलिस बंदर हेच. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे भारताचा वाणिज्य दूतावासही आहे. गुन्हेगारीच्या बातम्या बहुतेक उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या असतात. जुन्या बंदराच्या परिसरात पाकीट सांभाळण्याइतकी काळजी पुरते, तेवढी नीसच्या ट्राममध्येही घ्यावी लागते. ज्याला मुंबईची धकाबुकी आवडते त्याला मार्सेय आवडेल. सुट्टीत तीच टाळायची असेल, तर राहू नका.

माझं मत मार्सेयला. तिथून आव्हिन्यों वेगवान गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्यामुळे वाइनचा दिवस तिथूनच उरकता येतो. नीस किनाऱ्याच्या गाडीने अडीच-पावणेतीन तास, ते शेवटच्या दोन रात्रींना ठेवावं आणि परतीचं विमान तिथून धरावं. कुठेही उतरलात तरी दुपारचं जेवण बारा ते दोनमध्ये उरका, दिवसाची खास थाळी तेव्हाच आणि रात्रीपेक्षा स्वस्त मिळते. दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट सातलाच उघडतात. पाणी मागताना ‘कराफ’ म्हणा, ते फुकट असतं.