मोठ्या संख्यांचे गुणधर्म सांगणारं अ‍ॅप: पंधरा अंकांपर्यंत झकास, पुढे रामभरोसे

फुकटचं अ‍ॅप आहे, नाव सांगत बसत नाही. पूर्ण संख्या टाकायची, मग ती मूळ आहे का, अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) कशी दिसते, सगळं एका स्क्रीनवर येतं. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, एक स्टार इथेच दिला.

आधी १२३४५६७८९० टाकून बघितली. २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३, एकूण विभाजक ४८, एकदम बरोबर. हाताने करायला गेलात तर ९० ने भागून १३७१७४२१ उरते आणि मग ३६०७ सापडेपर्यंत पाचशेच्या आसपास मूळ संख्यांनी भागून बघत बसायचं, अ‍ॅपला मात्र पापणी लवेपर्यंतसुद्धा लागत नाही. मग ४२९४९६७२९७. ही मूळ आहे असं गणितज्ञ फर्माला वाटायचं आणि १७३२ मध्ये दुसऱ्या गणितज्ञाने, ऑयलरने, ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. तेही आलं, ६४१ × ६७००४१७. ३३५५०३३६ ला तर आपणहून ‘परिपूर्ण’चा शिक्का मारला, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज परत तीच संख्या. इथपर्यंत मी खूशच होतो.

मग घातली २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही मूळ नाही हे गणितज्ञ लुकासने १८७६ मध्ये अवयव न काढताच सिद्ध केलेलं, आणि अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोलला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अ‍ॅपचं उत्तर काय तर २ चा ६७ वा घात, विभाजक ६८! अहो शेवटचा अंक ७ आहे, विषम संख्येला २ ने भाग जाईल कसा, आणि वर हिरवी टिक पण.

कारण उघड आहे, संख्या आत दशांश चिन्हवाल्या ६४ बिटच्या साच्यात ठेवतायत. त्यात ५३ बिटच (बायनरी अंक) नेमके राहतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) नंतर सगळ्या संख्या मावत नाहीत, जवळच्या मावणाऱ्या संख्येवर सरकवल्या जातात. खात्री करायची तर शेवटी ९९३ करून टाका, खरे अवयव ३ × १०७ × २८०५९८१०७६२४३३, आणि अ‍ॅप म्हणतं ५३ वेळा २.

चूक होते याचा मला एवढा राग नाही, पण ‘एवढी मोठी झेपत नाही’ असं सरळ सांगा ना, गपचूप दुसऱ्याच संख्येचं उत्तर कशाला देता? हवे तेवढे अंक नेमके धरणारे पूर्णांक आजकाल बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत मिळतात, वापरले तर एका अपडेटचं काम आहे.

५ पैकी ३ स्टार. पंधरा अंकांपर्यंत बिनधास्त वापरा, त्यापुढे अवयवांचे शेवटचे अंक गुणून तुमच्या संख्येचा शेवटचा अंक येतो का तेवढं तरी बघा.