मोलस्कमचे उपप्रकार ओळखताना: जेलवरचे पट्टे की पीसीआर?

त्वचेवर छोटे फोड आणणाऱ्या मोलस्कम कन्टाजिओसम विषाणूच्या उपप्रकारांचा रुग्णाच्या वयाशी, फोडांच्या जागेशी आणि प्रतिकारशक्तीशी असलेला संबंध तपासायचा, तर आधी पद्धत ठरवावी लागते, कारण नुसत्या फोडाकडे पाहून उपप्रकार सांगता येत नाही. रिस्ट्रिक्शन विकरांनी (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइम्सनी) विषाणूचा डीएनए कापून, जेलवर लांबीनुसार वेगळ्या झालेल्या तुकड्यांचे पट्टे वाचणे हा जुना मार्ग, तर निवडक जनुकावर रिअल-टाइम पीसीआर करणे, म्हणजे त्या भागाच्या असंख्य प्रती काढत त्या वाढताना मोजणे, हा नवा. मी दोन्हींवर काम केले आहे.

जुन्या मार्गाबद्दल मला आजही आदर आहे. विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, सुमारे १,९०,००० बेस-जोड्यांचा, आणि कापल्यावर त्या साऱ्या लांबीची छाप एकदम समोर येते. १ ते ४ हे उपप्रकार मुळात अशाच पट्ट्यांवरून वेगळे काढले गेले, आणि एखादा अनपेक्षित पट्टा आला तर तोही नजरेतून सुटत नाही. पीसीआरला मात्र प्राइमर आणि प्रोब (ठरावीक क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) ज्यासाठी बेतले तेवढेच दिसते. ३ आणि ४ आधीच दुर्मीळ, त्यांच्यासाठी सोय ठेवली नसेल तर ते हुकण्याचा धोका राहतो.

तरीही एका अडचणीने मला जुन्या मार्गापासून दूर नेले. हा विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढत नाही, त्यामुळे क्युरेटने (खरवडण्याच्या छोट्या उपकरणाने) खरवडून जेवढे हाती आले तेवढेच भांडवल, आणि जेलवर स्पष्ट पट्टे दिसायला डीएनए बराच लागतो. आमच्या नोंदवहीत 'डीएनए अपुरा' हा शेरा ज्यांच्या नावापुढे पडत होता, ती बहुतेक दोन-तीन फोड असलेली लहान मुले होती. निकाल मिळत होते ते भरपूर फोड असलेल्यांचे, म्हणजे बऱ्याचदा प्रतिकारशक्ती खालावलेल्या प्रौढांचे. मुलांमध्ये उपप्रकार १ चे प्राबल्य असते आणि प्रौढांत, विशेषतः एचआयव्हीबाधितांत, २ चा वाटा वाढतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मग तक्त्यातून मुलेच गळू लागली, तर एकूण रुग्णांत २ चे प्रमाण फुगून दिसणार, आणि तो फुगवटा विषाणूचा नसून आपल्या पद्धतीचा असणार. ही गोष्ट लक्षात आल्यावर आधीच्या तक्त्यांवरचा माझा विश्वास डळमळला.

पुन्हा नमुना घेणे हा उपाय मला पटला नाही. खरवडताना दुखते, निरोगी मुलांत हे फोड बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात, आणि उपप्रकार कळल्याने उपचारही बदलत नाहीत; केवळ आमच्या अभ्यासासाठी मुलाला परत आणा असे आईला सांगणे मला जमले नाही.

पीसीआरला एका फोडातला गर सहसा पुरला. ती निर्दोष नाही: शेजारच्या नळीतून आलेला डीएनएचा अंशही खोटा निकाल देतो, म्हणून प्रत्येक फेरीत नमुन्याविना नळ्या ठेवाव्याच लागतात. कदाचित जेलवर माझ्याहून सरावलेला हात कमी डीएनएतही पट्टे वाचू शकेल. परंतु अभ्यासात मुले असतील, तर मी पीसीआरकडेच झुकेन, आणि प्रत्येक नमुन्याचा उरलेला डीएनए गोठवून ठेवेन, म्हणजे १ किंवा २ मध्ये न बसणारे नमुने पुढे सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायला, पाठवता येतील.