कम्प्युटर आणि शिक्षणशास्त्र दोन्ही शिकायचंय? कोकणातून निघणारे रस्ते, शेजारी-शेजारी ठेवून

कोकण विभागीय मंडळ २०१२ साली वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात त्याने राज्यातला पहिला नंबर सोडलेला नाही. २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के होता. मार्क पडतात, अडचण नंतर सुरू होते. एखादं पोर म्हणतं, मला कम्प्युटर आवडतो आणि शिकवायलाही आवडतं. त्यावर घरातून उत्तर येतं, "मास्तरच होवचा तर कम्प्युटर कित्याक?"

हे दोन विषय एकत्र शिकता येतात. फक्त एकाच नावाच्या एका पदवीत ते क्वचित मिळतात. आपल्याकडे जोडणी स्वतः करावी लागते, आणि ती कुठून सुरू करायची यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

बी.एड. आणि लर्निंग सायन्सेस या दोन वेगळ्या गोष्टी

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. फळ्यावर प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहा: अ = ५, ब = ८, अ = ब, ब = अ. आता अ किती आणि ब किती? अकरावीच्या वर्गात हमखास काही मुलं ८ आणि ५ सांगतात, कारण त्यांच्या मते अदलाबदल झाली. खरं उत्तर दोन्हीकडे ८. तिसऱ्या ओळीतच अ मधला ५ पुसला गेला.

बी.एड. तुम्हाला हे नीट समजावून द्यायला तयार करतं. पाठ टाचण काढा, अदलाबदलीला लागणाऱ्या तिसऱ्या डब्याचं उदाहरण घ्या, फळ्याची मांडणी अशी करा, मागच्या बाकावरच्याला प्रश्न विचारा. सूक्ष्म पाठ, सराव पाठ, मग शाळेतली आंतरवासिता. हे कौशल्य आहे आणि ते कमी लेखण्यासारखं नाही.

लर्निंग सायन्सेस म्हणजे माणूस शिकतो कसा, याचं शास्त्र. तिथला माणूस मात्र त्या चुकीच्या उत्तरापाशीच बसकण मारतो. मुलांना ८ आणि ५ का वाटलं? गणितातलं 'बरोबर'चं चिन्ह दोन्ही बाजू सारख्या असल्याचं सांगतं, प्रोग्रॅममधलं चिन्ह उजवीकडची किंमत डावीकडे ठेव असं सांगतं. ही सवय आडवी येते का? आधी चुकीचं उदाहरण दाखवलं तर जास्त टिकतं की बरोबर? तीन आठवड्यांनी किती जणांना आठवतं? आणि इथेच संगणकशास्त्र कामाला येतं. १९९५ मध्ये कॉर्बेट आणि अँडरसन यांनी मुलाच्या उत्तरांवरून त्याला काय येतं याचा अंदाज बांधणारं एक गणिती प्रारूप मांडलं. त्यात प्रत्येक कौशल्यामागे चारच आकडे असतात: मुलाला ते आधीपासून येत असण्याची शक्यता, एका संधीत शिकण्याची शक्यता, येत नसताना ठोकून दिलेलं उत्तर बरोबर येण्याची शक्यता, आणि येत असून हात घसरण्याची शक्यता. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेवर आयुष्य घालवलेल्या आपल्या पोरांना तिसरा आकडा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. आज जी ॲप्स 'तुमचं हे प्रकरण कच्चं आहे' असं सांगतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात याच जातीचं काहीतरी असतं.

हे प्रारूप बी.एड.मध्ये सहसा भेटत नाही. उलट लर्निंग सायन्सेसची पीएचडी केलेल्या माणसाला पन्नास मुलांचा आठवीचा वर्ग आवरता येईलच असं नाही.

रस्ता पहिला: जवळ बी.एस्सी. कम्प्युटर, मग बी.एड.

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात राहणाऱ्याला हा सगळ्यात स्वस्त आणि घराजवळचा रस्ता. तीन वर्षं पदवी, त्यानंतर राज्याच्या सीईटी सेलची बी.एड. प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं बी.एड. (ते दोन वर्षांचं २०१५ पासून झालं. चार वर्षांची पदवी असलेल्यांना एका वर्षाचं बी.एड. पुन्हा आणायचा मसुदा २०२५ मध्ये आलाय, त्यामुळे ऑनर्सचं चौथं वर्ष करायचं का, हे ठरवताना त्याच्यावर नजर ठेवा.)

यात एक खड्डा आहे आणि तो प्रवेशाच्या वेळी कोणी दाखवत नाही. अनुदानित माध्यमिक शाळांत संगणक शिक्षकाचं वेगळं मंजूर पद नसतं. मागे शाळांत संगणक आणणाऱ्या आयसीटी योजनेतून नेमलेले संगणक शिक्षक कराराचे होते. म्हणजे शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून तुम्ही आत शिरणार ते गणित-विज्ञानाचे शिक्षक म्हणून, आणि तिथे पदवीला गणित होतं का, हे विचारलं जातं. म्हणून बी.एस्सी. कम्प्युटरला मायनर (दुय्यम विषय) म्हणून गणित घ्या. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकरसारख्या, कला-विज्ञान एकाच आवारात असलेल्या कॉलेजात मानसशास्त्राचा पेपर मिळतो का, हेही विचारून घ्या; मिळाला तर सोडू नका. आधी टीईटी (आठवीपर्यंतच्या वर्गांसाठीची शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी), हे चुकत नाही.

कम्प्युटरच शिकवायचा असेल तर ज्युनिअर कॉलेजचं २०० गुणांचं द्विलक्षी संगणकशास्त्र, सीबीएसईच्या शाळा आणि नवोदय ही ठिकाणं. नवोदय जिल्ह्याला साधारण एकच, सिंधुदुर्गातलं सांगेलीला. मोजक्या जागा. केंद्र सरकारच्या शाळांत पीजीटी (अकरावी-बारावीचा पदव्युत्तर शिक्षक) कम्प्युटर सायन्स हे पद असतं, पण त्याला बी.ई., एमसीए किंवा एम.एस्सी. लागते, नुसती बी.एस्सी. पुरत नाही.

रस्ता दुसरा: चार वर्षांचं एकत्रित बी.एस्सी. बी.एड.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेला, २०२३-२४ पासून सुरू झालेला आयटेप, म्हणजे एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम. प्रवेश एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या एनसीईटी परीक्षेतून, आणि ही परीक्षा मराठीतही देता येते. एक वर्ष वाचतं, आणि पहिल्या वर्षापासून शाळेशी संबंध येतो. कागदावर हाच 'दोन्ही एकत्र' असलेला अभ्यासक्रम.

माझं मत थोडं सावध आहे. बहुतेक ठिकाणी विज्ञान म्हणजे भौतिक-रसायन-गणित किंवा जीवशास्त्र. संगणकशास्त्र मुख्य विषय म्हणून आहे का, ते त्या-त्या संस्थेच्या अभ्यासक्रमात शोधावं लागतं. आणि कोकणातून निघायचं तर लांब जावं लागतं. एनसीईआरटीच्या भोपाळच्या प्रादेशिक संस्थेच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र येतो, पण सावंतवाडीहून भोपाळ म्हणजे काही पणजीला जाऊन संध्याकाळी परत येणं नव्हे. सतराव्या वर्षी 'मी शिक्षकच होणार' हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याला हा रस्ता उत्तम. ज्याला अजून चाचपडायचंय, त्याने यात अडकू नये. चार वर्षांनी हातात येणारी पदवी वर्गाच्या दाराकडेच नेते.

रस्ता तिसरा: आधी पक्कं कम्प्युटर, मग शिकण्याचं शास्त्र

लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरीचं फिनोलेक्स, आंबव-देवरुखचं राजेंद्र माने किंवा मुंबई-पुण्यात कुठेही बी.ई. आणि त्यानंतर वळण. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते. तिथलं हे काम २०१० साली सुरू झालं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), १९७४ पासूनचं, तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी होते. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं आणि हार्बरची लोकल धरायची, इतकं ते जवळ आहे. तरी रत्नागिरीत दहा जणांना विचारा, नऊ जणांना ते फक्त ऑलिम्पियाडपुरतं माहीत असतं. मुलींसाठी एसएनडीटीच्या जुहू आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

या रस्त्याला पैसा आणि वेळ जास्त लागतो, पण परतीची वाट उघडी राहते. जमलं नाही, कंटाळा आला, घरची अडचण आली, तर हातात इंजिनीअरिंगची पदवी असतेच. मला हाच सगळ्यात समंजस वाटतो, एका अटीवर: त्या चार वर्षांत मुलांच्या सहवासात राहायला हवं. कोड उत्तम येणारी आणि कधीच पाचवीच्या पोराशेजारी न बसलेली माणसं शिक्षणाची ॲप बनवतात तेव्हा काय होतं, ते टाळेबंदीच्या काळात आपण घरोघरी पाहिलंय.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अर्बाना-शॅम्पेनला संगणकशास्त्र अधिक शिक्षण अशी सरळ पदवी आहे आणि त्यात लर्निंग सायन्सेस किंवा माध्यमिक शिक्षण यांतलं एक निवडता येतं. नॉर्थवेस्टर्नला दोन्ही विषयांची संयुक्त पीएचडी आहे, कार्नेगी मेलनला एका वर्षाचं मास्टर्स. वाचायला सुंदर. पण बारावीनंतर आंब्याची बाग गहाण ठेवून पदवीसाठी तिकडे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. पीएचडीला तिकडे विद्यावेतन मिळतं. जायचं तर तेव्हा जावं.

ठरवण्याआधी एक चाचणी

एसीएम इंडिया या संगणकवाल्यांच्या संघटनेचा शाळांसाठी सीएसपाठशाला नावाचा उपक्रम आहे, त्याचं साहित्य फुकट आहे, मराठीतही आहे. त्यातलं एक कोडं घ्या. किंवा पार्सन्सचं कोडं स्वतः बनवा: पाच-सहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, ओळी कापून सुट्या करायच्या, एक फसवी ओळ मिसळायची आणि वाडीतल्या एखाद्या आठवी-नववीच्या मुलाला ओळी लावायला सांगायचं. तुम्ही शेजारी बसायचं आणि दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही.

मूल चुकीची ओळ उचलतं तेव्हा तुमचा जीव खालीवर होतो आणि कधी एकदा समजावून सांगतो असं होतं? पहिला किंवा दुसरा रस्ता. त्याने तीच ओळ का उचलली असेल, पुढच्या मुलाला फसवी ओळ बदलून देऊन बघू, असं मनात आलं? तिसरा. आणि दहा मिनिटं दहा तासांसारखी वाटली, तर लोणेऱ्याला सरळ कम्प्युटर इंजिनीअरिंग करा आणि नोकरीला लागा. त्यातही काही वाईट नाही.