मुद्देमाल खोलीसाठी रिबनवाला लेबल प्रिंटर, तीन वर्षं वापरून मग लिहितोय

प्रिंटरचा रिव्ह्यू लिहायचा तर आधी खोली कशी असते ते सांगायला लागंल, नाहीतर एका चिठ्ठीसाठी एवढं काय असं वाटंल. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून आहे, 2018 पासनं चार्ज माझ्याकडं. खोली 12 बाय 15, वर पत्रा. आत चोरीचे मोबाईल, मारामारीतल्या काठ्या, कोयते, खुनातले रक्ताचे कपडे, दारूच्या बाटल्या, मटक्याच्या चिठ्ठ्या आणि त्याबरोबर जप्त झालेली रक्कम, शेतातनं चोरलेल्या पाण्याच्या मोटारी, तांब्याच्या तारा, सगळं. प्रत्येक पाकिटावर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, मुद्देमाल नंबर, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील. केस बोर्डावर यायला पाच-सात वर्षं सहज जातात आणि मग एक दिवस कोर्टात सरकारी वकील पंचाला विचारतात, हाच का तो कोयता, त्यावरची सही तुमचीच का. त्या वेळी पाकीट हातात असून चिठ्ठी वाचता येत नसंल तर काय होतं ते मी साक्षीला उभं राहून बघितलंय, परत बघायची इच्छा नाही.

आधी आम्ही चिठ्ठ्या हातानं लिहून खळीनं चिकटवायचो. झुरळं खळ खातात, खळीबरोबर कागद पण जातो, पावसाळ्यात शाई पसरते. तरी चाललं होतं कसंतरी. मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि कृष्णा त्या वेळी 57 फुटांच्या वर गेली, आमची खोली तळमजल्यावर. रात्रभर डोक्यावर घेऊन पाकिटं ठाण्याच्या वरच्या मजल्यावर नेली, दागिने आणि हत्यारं आधी, पण खालच्या कप्प्यातलं सगळं निघालं नाही. पाणी उतरल्यावर व्हरांड्यात दोऱ्या बांधून पाकिटं वाळत घातली तर कितीतरी चिठ्ठ्या नुसत्या निळ्या डागासारख्या झालेल्या. रजिस्टर वाचलं होतं म्हणून वर्णन, वजन, पंचनामा बघून एकेक जुळवत बसलो, दोन महिने गेले. चार पाकिटं काही केल्या जुळली नाहीत.

त्यानंतर 2020 मध्ये पहिला प्रिंटर घेतला आणि तिथंच चूक झाली, म्हणून ही गोष्ट नीट वाचा. दुकानदारानं दाखवला तो छोटा, कुरिअरवाल्यांकडं असतो तसला, रिबन नाही शाई नाही नुसता रोल घाला आणि छापा. त्याला डायरेक्ट थर्मल म्हणतात, म्हणजे कागदालाच रसायनाचा थर असतो आणि उष्णतेनं तो काळा होतो. किराणा दुकानाचं बिल पाकिटात ठेवलं की सहा महिन्यांनी कोरं होतं ना, तोच कागद. आम्हाला कुणी सांगितलं नाही. वर अजून शहाणपण म्हणून टिकावं यासाठी प्रत्येक लेबलवर पारदर्शक सेलोटेप मारली, तर टेपच्या गोंदामुळंच अक्षरं लवकर उडाली. त्यात कोरोनाचे दिवस, सॅनिटायझर लावलेला हात लागला की डाग. पत्र्याजवळच्या वरच्या कप्प्यातली लेबलं एप्रिल-मेमध्ये अख्खी करडी पडली, खालची फिकट होत होत 2022 पर्यंत निम्मी कोरी. हातानं लिहिलेली जुनी चिठ्ठी काढली नव्हती, लेबल तिच्या शेजारी जपून लावलं होतं, म्हणून वाचलो.

मग 2022 ला हा घेतला. थर्मल ट्रान्सफर म्हणतात, 4 इंची, 203 डीपीआय (म्हणजे इंचाला 203 ठिपके), आत काळी रिबन बसते आणि रिबनवरची शाई उष्णतेनं लेबलवर उतरते. तेव्हा 14 हजाराच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चार-पाच कंपन्यांचे जवळपास सारखेच येतात आणि खरा फरक प्रिंटरमध्ये नाहीच, रिबन आणि लेबलमध्ये आहे. रिबन तीन तऱ्हेची मिळते, वॅक्स म्हणजे मेणाची, रेझिन म्हणजे राळेची, आणि दोन्ही मिसळून वॅक्स-रेझिन. दुकानात कायम वॅक्स पुढं करतात कारण स्वस्त. वॅक्सनं प्लास्टिकच्या लेबलवर छापलं तर नखानं खरवडलं की निघून येतं, स्वतः करून बघा. आपल्या कामाला रेझिन रिबन आणि पॉलिस्टरचं लेबल, कागदाचं नाही. रेझिन वॅक्सच्या तिप्पट महाग पडते, पण एका केसला दोन-तीन लेबलं लागतात, तिथं पैसे वाचवून काय करायचंय.

सेटिंगला मला आठवडा लागला. रेझिनला उष्णता जास्त लागते, म्हणून डार्कनेस वाढवायचा आणि स्पीड कमी करायचा, नाहीतर अक्षर मधेच तुटतं आणि बारकोड स्कॅन होत नाही. एकदा जमलं की एक लेबल छापायचं, पाच मिनिटं थांबायचं, स्पिरिटच्या बोळ्यानं जोरात पुसायचं. मी पुसलं, नखानं घासलं, मग बादलीत बुडवून तीन दिवस ठेवलं. अक्षर हललं नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं ते सांगता येत नाही, पूर डोळ्यासमोर होता.

लेबल 75 बाय 50 मिलीमीटरचं घेतलंय. वर मोठ्या अक्षरात गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, खाली मुद्देमाल नंबर, फोटोचा नंबर, जागा म्हणजे रॅक-कप्पा, आणि बारकोड. स्कॅनर मारला की एक्सेलमध्ये ओळ उघडते, पाकीट कधी आलं, पुण्याच्या लॅबला कधी गेलं, कोण घेऊन गेलं, परत कधी आलं. अधिकृत नोंद रजिस्टरचीच, ती हातानंच होते आणि व्हायलाच पाहिजे, हे फक्त शोधायला. आणि एक, लेबल सीलवर किंवा पंचांच्या सहीवर कधी चिकटवू नका, बाजूला मोकळ्या जागेत लावा. सील झाकलं गेलं तर वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. कपड्याच्या गाठोड्यावर हे लेबल धरत नाही, तिथं पुठ्ठ्याच्या टॅगवर लावून सुतळीनं बांधायचं. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीतच ठेवतो, प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते, कागदी पिशवीवर मात्र मस्त चिकटतं.

आवारातल्या गाड्यांना याचा काही उपयोग नाही. उन्हात टाकीवर लावलेलं पॉलिस्टर लेबल पण वर्षभरात कोपऱ्यातनं उचकटतं. तिथं पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर ठोकून तारेनं हँडलला बांधलाय, तोच खरा.

आता रिबनबद्दल एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. रिबन वापरली की जे छापलं ते तिच्यावर उलट्या कोऱ्या अक्षरात तसंच राहतं, उजेडात धरलं की सरळ वाचता येतं. सुरुवातीला मी संपलेली रिबन कचऱ्यात टाकली होती, एक दिवस सहज खिडकीपाशी उलगडली आणि अंगावर काटा आला, नाव, गाव, कलम सगळं ओळीनं. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. तेव्हापासनं लेबलवर कुणाचंच नाव छापत नाही, फक्त नंबर, आणि जुनी रिबन बारीक कापून माझ्यासमोर जाळतो. ज्या ठाण्यांनी असला प्रिंटर घेतलाय त्यांनी आजच आपली कचऱ्याची टोपली बघा.

नवीन कायदा लागल्यापासनं तर हे सगळं जास्तच गरजेचं झालंय. 1 जुलै 2024 पासनं बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातल्या कलम 497 प्रमाणं मुद्देमाल कोर्टापुढं आला की 14 दिवसांत कोर्टानं त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो काढून घ्यायचे आणि मग 30 दिवसांत विल्हेवाटीचा नाहीतर परत द्यायचा आदेश करायचा. सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई देसाई केसमध्ये 2002 लाच सांगितलं होतं की वस्तू ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर, त्यापेक्षा जास्त पाडून ठेवू नका. आदेश आल्यावर वस्तू सापडायला दिवस लागत असंल तर लोकांनी आमच्याकडं कुठल्या तोंडानं बघायचं.

मागच्या दिवाळीआधी एक आज्जी आल्या होत्या, मिरजेकडच्या, घरफोडीत बोरमाळ गेलेली. कोर्टाचा आदेश हातात, बरोबर नातू. आधीच्या पद्धतीनं मी त्यांना दुपारनंतर या म्हणालो असतो. स्कॅनर मारला, तिजोरी, कप्पा 2, पाकीट बाहेर. पंचांसमोर सील फोडलं, वजन केलं. आज्जींनी माळ तळहातावर घेऊन एकेक मणी मोजला, मग मधल्या एका मण्यावर अंगठा फिरवत राहिल्या. तिथं बारीक पोचा होता. म्हणाल्या, "हीच हाय बाळा. सुनेच्या हातनं पडलेली उंबऱ्यावर, लगीन झालं त्याच साली." सुपूर्दनाम्यावर अंगठा दिला आणि माळ तिथंच गळ्यात घातली.

तक्रारी म्हणाल तर रिबन बसवताना सुरकुती पडते, मधोमध पांढरी रेघ येते, तेव्हा परत काढून ताणून घालायची. हेड, म्हणजे आतला तापून छापणारा भाग, महिन्यातनं एकदा स्पिरिटनं पुसायला लागतं. लाईट गेली की काम बंद, म्हणून लहान यूपीएस घ्या. रेझिन रिबन सांगलीत पटकन मिळत नाही, मी चार एकदम मागवून ठेवतो. तीन वर्षांत हेड एकदा बदललं, बाकी काही नाही.

पुरातली ती चार पाकिटं. तीन गेल्या दोन-तीन वर्षांत जुळली, एक तर फिर्यादीनं जुन्या लग्नाचा फोटो आणला त्यावरनं. चौथ्यात चांदीचे पैंजण आहेत, लहान मुलीचे, एका पायातला घुंगरू तुटलेला. रजिस्टरमध्ये पैंजणाच्या तीन नोंदी आहेत, वजन कशालाच बसत नाही. नवीन प्रिंटरवर पहिलं लेबल मी त्याच पाकिटाचं छापलं, 'पूर 2019, ओळख बाकी', आणि ते रॅक 1 च्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलंय, पाणी पोचणार नाही तिथं.