थरारकथा निवडताना: धक्का हवा की ताण?

थरारक कादंबरी निवडताना आधी एकच गोष्ट ठरवावी: लेखकाने आपल्यापासून काही लपवलेलं आपल्याला चालतं का? काही कादंबऱ्या लपवाछपवीवरच उभ्या असतात, तर काही सगळे पत्ते उघडे टाकून खेळतात. सिनेदिग्दर्शक हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावत असे. बॉम्ब अवचित फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो तिथे आहे हे आधी कळलं तर पंधरा मिनिटांचा ताण. तो बोलत होता सिनेमाबद्दल. कादंबरीत पंधरा मिनिटांच्या जागी तीन-चारशे पानं असतात, त्यामुळे चुकीची निवड जास्त महागात पडते.

धक्क्याच्या बाजूने गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ (2012) घेऊ. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते, आणि मग एक प्रकरण नवऱ्याचं, एक तिच्या डायरीतलं अशी कथा चालते. हिची जमेची बाजू अशी, की मुख्य धक्का शेवटच्या पानांसाठी राखून ठेवलेला नाही, तो मध्यावरच येतो. उरलेलं अर्धं पुस्तक त्याचे परिणाम निस्तरण्यात जातं. या पुस्तकाच्या वाटेने गेलेल्या बहुतेकांनी नेमकी हीच गोष्ट उचलली नाही.

ताणाच्या बाजूने फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ (1971). 1963 साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी नेमला जातो. द गॉल 1970 मध्ये स्वतःच्या घरी वारले, त्यामुळे कट फसणार हे पुस्तक आलं त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊक होतं. याच कारणाने काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. वाचायला घेतलं की कळतं, ‘मारेल का’ हा प्रश्न लेखकाने कधी विचारलेलाच नाही. त्याचा सगळा रोख ‘कसं’ यावर आहे. पाच लाख डॉलर मोबदला, अर्धा आगाऊ. लहानपणीच वारलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळवून त्यावर काढलेला खरा पासपोर्ट. सुटी करून लपवता येईल अशी बंदूक आणि जंगलात फळावर घेतलेली तिची चाचणी. पलीकडे पोलीस हॉटेलांतून जमा होणारी नोंदणीपत्रकं चाळताहेत, आणि ती पॅरिसला पोहोचायला लागणारा वेळ हीच मारेकऱ्याची आघाडी. इथे पुस्तक खाली ठेववत नाही.

आता माझं पारडं ज्याने झुकवलं ते सांगतो. धक्क्याच्या कादंबऱ्यांत निवेदक स्वतःच माहिती दाबून ठेवतो. नमुना असा: ‘तिने पाकीट उघडलं. आतला फोटो पाहताच तिचे हातपाय गार पडले.’ प्रकरण समाप्त. पुढचं प्रकरण चार वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच माणसाचं. आपण तिच्या डोक्यात बसलोय, तिने फोटो पाहिलाय, तरी तो आपल्याला दिसत नाही, कारण लेखकाला प्रकरणाच्या शेवटी खिळा ठोकायचा होता. याला रहस्य म्हणवत नाही, हे रेशनिंग झालं. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यातला एक हाच आहे: गुप्तहेराच्या साथीदाराने मनात आलेला विचार वाचकापासून लपवू नये. नियम जुनाट वाटतो, पण कारण आजही पटतं. एकदा ही चलाखी लक्षात आली, की पुढच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेत वाचावं लागतं आणि माणसांवरची माया आटते. (त्यावरचा अलीकडचा इलाज म्हणजे निवेदकाला दारू, गोळ्या किंवा विस्मरण देणं. तिसऱ्यांदा भेटला की हसू येतं.)

‘गॉन गर्ल’ला हा आरोप पूर्ण लागू नाही, हे मान्य. नवरा पोलिसांशी खोटं बोलतो आणि हे आपलं कितवं खोटं, ते वाचकाला मोजून सांगतो. पण त्याच वेळी एक मोठी गोष्ट तो आपल्यालाही बरीच प्रकरणं सांगत नाही. माणूसच लपवाछपवीचा आहे म्हणून ते खपतं. दुसऱ्या वाचनात मात्र डायरीची कारागिरी दिसते, पण धाकधूक उरत नाही. ‘जॅकल’मध्ये ती उरते, निदान माझ्यापुरती तरी.

दोन्ही हवं असेल तर केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (2005) आहे. खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो, खुनी कोण हे माहीत असतं, तरीही शेवटी जमीन सरकते. खुनानंतर तो दडपायला मदत करणाऱ्या गणिताच्या शिक्षकाने नेमकं काय केलं, ते आपण विचारायला विसरलेलो असतो. जपानी नावांत गोंधळ होत असेल तर पहिल्या प्रकरणांतली चार-पाच नावं कागदावर लिहून ठेवा. आणि मागचं कव्हर वाचू नका. ‘धक्कादायक शेवट’ हे दोन शब्दसुद्धा जास्तच सांगून जातात.

रात्रीच्या प्रवासात एका बैठकीत संपवायचं असेल तर ‘गॉन गर्ल’ घ्यायला हरकत नाही. फक्त प्रकरणांच्या मथळ्यांतल्या तारखा वगळू नका, सगळा सांधा तिथेच आहे. बाकी वेळी मी ‘जॅकल’ सुचवेन. तिची अडचण सुरुवातीला आहे. गोळ्या घालून दिलेली मृत्युदंडाची शिक्षा, अल्जीरियाचं राजकारण, द गॉल यांच्यावर उठलेली ओएएस ही गुप्त संघटना आणि फ्रेंच गुप्तचर खात्यांच्या शाखा, असं सगळं एकदम अंगावर येतं. रोज झोपताना दहा पानं या हिशेबाने वाचणारे इथेच गळतात, कारण उद्यापर्यंत कोण कुठल्या खात्यातला ते विसरायला होतं. शाखांची नावं पाठ करायची गरज नाही. मारेकरी आणि त्याला नेमणारे तिघे एवढे लक्षात ठेवा, पहिली दोन-तीन प्रकरणं सुट्टीच्या दिवशी सलग उरका. मारेकऱ्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी लबेल तर बराच उशिरा येतो.