अंजिरी की राणी, मोती की सोनं? थंड, सौम्य रंगाच्या चेहऱ्यासाठी काय निवडावं

गेल्या लग्नसराईत भाचीसाठी साडी घ्यायला लक्ष्मी रोडला गेलो होतो. दोन साड्यांवर गाडी अडली: एक राणी रंगाची पैठणी, सोनेरी जरीची, आणि दुसरी अंजिरी, चंदेरी जरीची. आतल्या दिव्यांखाली राणी रंगावरून कुणाची नजर हटत नव्हती. मी दोन्ही साड्या उचलल्या आणि तिला दुकानाच्या दारात घेऊन आले. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख उजेड. राणी पदर खांद्यावर टाकला तेव्हा आधी साडी दिसली, मग तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं, मग ती. अंजिरी टाकला तेव्हा आधी तिचे डोळे दिसले. आरशात बघून ती म्हणाली, "मावशी, या साडीत माझी झोप झाल्यासारखी वाटते." गादीवरचे दादा म्हणाले, "ताई, हा इंग्लिश कलर आहे, लग्नात साडी उठून दिसणार नाही." त्यांचं खरं होतं. आम्हाला भाची उठून दिसायला हवी होती.

ज्यांचा चेहरा भाचीसारखा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रंगांचे जाणकार या प्रकाराला सॉफ्ट समर म्हणतात. त्वचेची झाक पिवळ्या-सोनेरीकडे (म्हणजे उष्ण बाजूला) न जाता गुलाबी किंवा किंचित राखीकडे (म्हणजे थंड बाजूला) जाते, केस कोळशासारखे काळे नसून काळसर-तपकिरी असतात, डोळे मऊ तपकिरी. मुख्य खूण म्हणजे त्वचा, केस आणि डोळे यांच्यात फार मोठी तफावत नसते, म्हणून हा चेहरा सौम्य. यात गोरेपणाचा काही संबंध नाही. निमगोरी, गव्हाळ, सावळी, कुठल्याही वर्णाची मुलगी या गटात बसू शकते. कांती किती गडद आहे हा एक प्रश्न, तिची झाक कुठली हा दुसरा, आणि घरोघरी हे दोन्ही एकत्र करून सावळ्या मुलींना "तुला हा रंग नको" म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

शेजारच्या दोन गटांशी गल्लत होते म्हणून तेवढं सांगते. मेंदी, मोहरी, विटकरी या रंगांत चेहरा टवटवीत दिसत असेल तर तुम्ही सौम्य आहात, पण उष्ण बाजूच्या. पांढरं शुभ्र, कुळकुळीत काळं आणि राणी यांत चेहरा आणखी रेखीव दिसत असेल तर तुम्ही थंड आहात, पण सौम्य नाही. तुम्ही खुशाल राणी घ्या. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, हे बघून ठरवू नका. आपल्या वर्णावर त्या बऱ्याचदा नीट दिसत नाहीत.

कापड चेहऱ्याजवळ आणलं की चेहरा बदलल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर एका रसायनशास्त्रज्ञाने फार पूर्वी दिलं आहे. मिशेल शेव्रल हे पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर धाग्यात काही खोट नव्हती, शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलून दाखवतात, याचे नियम त्यांनी 1839 मध्ये मांडले. साडी आणि चेहरा हेही असेच शेजारी. झगझगीत राणी रंगाच्या बाजूला सौम्य त्वचा हिरवट, थकलेली भासते. अंजिरी स्वतःच थोडा राखेत बुडवल्यासारखा असल्यामुळे तो चेहऱ्यावर कुरघोडी करत नाही.

म्हणूनच रंग थंड की उष्ण, याच्याआधी तो किती भडक आहे ते बघा. बहुतेक जणी उलट करतात. आपण थंड गटात आहोत एवढं कळलं की इलेक्ट्रिक निळा किंवा गुलबक्षी उचलतात आणि मग "मला काहीच शोभत नाही" म्हणतात. भडक थंड रंगापेक्षा मंद, किंचित उष्ण रंग या चेहऱ्याला कमी त्रास देतो.

आनंदाची गोष्ट अशी की या चेहऱ्यासाठी लागणारे रंग आपल्या भाषेत आजीच्या काळापासून आहेत. अंजिरी, आमसुली, पारवा, राखाडी, मऊ वांगी, धुऊन धुऊन उतरलेला जांभळा. मोरपंखी आणि रामा मात्र जपून. त्यांची झळाळी कमी असेल तरच. लाल हवाच असेल तर टोमॅटोसारखा नको, डाळिंबी घ्या, तोही गडदसर. श्रीखंडी आणि अबोली मी या गटाला देणार नाही, दोन्ही पिवळ्या-नारिंगीकडे झुकतात. पांढऱ्यात निळसर झगमगता शुभ्र आणि सायीसारखा पिवळट, दोन्ही टाळा. धुऊन मऊ पडलेल्या मलमलीचा असतो तो पांढरा बरोबर.

कापडाच्या पोतामुळेही निकाल फिरतो. तोच पारवा सुती मंगळागिरीत शांत दिसतो आणि चमकत्या साटीनमध्ये स्टीलच्या भांड्यासारखा. माझी पसंती सुती, लिनन, मलमल, महेश्वरी. रेशीम हवं असेल तर धूपछाव बघा. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि हिरव्यात गुलाबी विणलं की दोघांची झळाळी एकमेकांत मुरून वांगी-राखीसारखा रंग तयार होतो. साडीची घडी हलवताना तो बदलताना दिसतो. भाचीची अंजिरी अशीच होती.

दागिन्यांत मोती विरुद्ध सोनं या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे: गळ्याशी आणि कानाशी मोती. तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या, नथ, हे सगळं जणू याच चेहऱ्यासाठी घडवलंय. मोत्याची चमक आतून येते, ती टोचत नाही. 22 कॅरेट सोन्यात 91.6 टक्के सोनं असतं, त्यामुळे त्याचा पिवळेपणा ठसठशीत असतो आणि नव्या पॉलिशमध्ये तो आणखी चढतो. सोनं घालू नका असं मी म्हणत नाही. पाटल्या, बांगड्या हातात छान दिसतात, चेहऱ्यापासून लांबही असतात. मंगळसूत्राचीही अडचण नाही, काळ्या मण्यांमुळे वाट्यांचा पिवळेपणा आपोआप आवरला जातो. रोज कानात घालायला ऑक्सिडाइज्ड चांदी उत्तम.

आता मेकअप. इथे माझे बरेच पैसे वाया गेलेत. दुकानाच्या पिवळ्या उजेडात "न्यूड" म्हणून घेतलेली लिपस्टिक घरी खिडकीपाशी लावली तर ओठ विटेसारखे. तेव्हापासून मी एकच चाचणी करते: ओठांच्या डाव्या अर्ध्यावर एक शेड, उजव्या अर्ध्यावर दुसरी, आणि आरसा घेऊन उजेडात. भाचीच्या डाव्या बाजूला पीच-न्यूड होता, उजव्या बाजूला जांभळट गुलाबी मॉव. डाव्या बाजूने हसली तर दात पिवळे वाटत होते, वरचा ओठ त्वचेत हरवला होता. उजव्या बाजूला ओठ तिचेच वाटत होते, फक्त नुकतंच पाणी प्यायल्यासारखे. मॉव, रोजवुड, फिकट बेरी हे पट्टे तुमचे. लग्नाच्या संध्याकाळी आमसुली. कोरल, नारिंगी, तपकिरी-सोनेरी सोडून द्या.

फाउंडेशनमध्ये थंड शेड मागितली की आपल्या त्वचेवर ती कधी कधी राखाडी, पीठ फासल्यासारखी दिसते. त्यामुळे पूर्ण थंडपेक्षा न्यूट्रल शेडपासून सुरुवात करा. मॅक या ब्रँडच्या शेड्समध्ये अक्षरं उलटी वाटतात हे लक्षात ठेवा. सी म्हणजे कूल आणि डब्ल्यू म्हणजे वॉर्म असं वाटतं, पण एनसी पिवळसर झाकेसाठी, एनडब्ल्यू गुलाबीसर झाकेसाठी. जबड्यावर लावा, वीस मिनिटं बाहेर फिरून या, मग ठरवा, कारण काही फाउंडेशन हवेत गडद होतात.

काजळ गडद काळं विरुद्ध राखी-तपकिरी, यात मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. जाड काळ्या रेषेने हा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. काळं आवडतच असेल तर आतल्या कडेला बारीक लावा आणि वर वांगी रंगाची पेन्सिल बोटाने पुसून घ्या. हायलायटर सोनेरी नको, गुलाबी-मोतिया, आणि थोडाच. टिकली लाल भडकऐवजी मरून.

केसांना नुसती मेंदी लावण्याबाबत थोडं. मेंदीतला रंग नारिंगी-लाल असतो आणि पांढऱ्या केसांवर तो तसाच उघडा पडतो, चेहरा मग उगाच पिवळट दिसतो. मेंदीनंतर नीळ (केसांसाठीची इंडिगो पूड, कपड्यांची नीळ नव्हे) लावली तर रंग गडद तपकिरीकडे जातो. पार्लरमध्ये सोनेरी हायलाइट्सऐवजी अ‍ॅश ब्राऊन मागा.

प्रथेने रंग ठरलेला असतो तेव्हा खरी कसोटी लागते. मामाकडची पिवळी साडी, संक्रांतीची काळी, नवरात्रातले नऊ रंग. साडी बदलू नका, चेहऱ्याच्या जवळची वीत बदला. काळ्या साडीवर पारवा किंवा अंजिरी ब्लाउज, गळा थोडा मोठा, आणि मोती. पिवळ्या साडीला बहुधा लाल काठ असतो. ब्लाउज त्याच काठाच्या गडद डाळिंबीचा शिवा आणि पदर चापून पिन करा, म्हणजे पिवळा गळ्याशी गोळा होणार नाही. वरून मोत्यांचे दोन सर घातले की पिवळा आणि चेहरा यांच्यात मध्यस्थ येतो. नवरात्रातला नारिंगी सगळ्यात अवघड. तो मी सलवारीत किंवा ओढणीच्या काठात घालवते.

आपण या गटात आहोत का, हे ठरवण्यासाठी हजारो रुपये देऊन सल्लागाराकडे जावं की घरीच बघावं? सल्लागाराची नजर सरावलेली असते, मोठ्या प्रसंगाआधी तो खर्च पटण्यासारखा आहे. पण आधी तुळशीबागेच्या आसपास एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये जा. तिथे एकाच रंगाच्या दहा छटा भिंतीवर ओळीने लावलेल्या असतात. टू बाय टूचे सहा ब्लाउज पीस घ्या: राणी, अंजिरी, मोहरी, पारवा, शुभ्र पांढरा, विटकरी. रविवारी सकाळी मेकअप न करता, केस मागे बांधून, खिडकीसमोर बसा आणि आईला किंवा मैत्रिणीला एकेक हनुवटीखाली धरायला सांगा. तिने कापडाकडे बघायचं नाही, तुमच्या डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडांकडे बघायचं. उरलेल्या पिसांचे ब्लाउज होतातच. आमच्याकडचा विटकरी पीस माझ्या वहिनीने नेला, आणि तिला तो काय शोभतो!